छोट्या मावशीचं ते ऑपरेशन

औषधाच्या डबीत एक पातळ कागद असतो. त्याला सात घड्या असतात, त्यावरची अक्षरं मुंगीने चालत जाऊन उमटवावीत एवढी असतात, आणि एकदा उलगडला की तो पुन्हा त्याच घड्यांत घालणं मनुष्यजातीला जमलेलं नाही. हा कागद शेवटपर्यंत वाचणारी व्यक्ती जगात बहुधा एकच आहे आणि ती म्हणजे मी. मला त्याचा पगार मिळतो. आमच्या छापखान्यात हे कागद छापतात, आणि छापण्याआधी त्यांतल्या चुका काढणं हे माझं अठ्ठावीस वर्षांचं काम. त्यामुळे कुठल्या गोळीने तोंड कोरडं पडतं आणि कुठल्या गोळीने गाडी चालवताना डुलकी लागते, हे मला तोंडपाठ आहे. घरात कुणाला सर्दी झाली तर मी गोळी पुढे करण्याआधी तिचे दुष्परिणाम सांगते, आणि मग तो माणूस सर्दी बरी म्हणून उठून जातो.

अशा माझ्या हातून, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या कागदावर 'जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावे' ही ओळ सुटली. दुसऱ्या कुठल्यातरी गोळीची ओळ तिथे येऊन बसली होती. मी ती वाचली, मान डोलावली आणि खाली सही केली. वीस हजार कागद छापून झाल्यावर मशीनवरच्या फोरमनने ती पकडली. या गृहस्थांनी आयुष्यात सामन्यांच्या निकालापलीकडे काही वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कागद बाहेर गेले नाहीत म्हणून निभावलं. मालक भला माणूस. ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. "ताई, महिनाभर जरा लेटरहेड बघा," म्हणाले, "पुढचं मग ठरवू." लेटरहेडवर नाव, पत्ता आणि फोन नंबर असतो. अठ्ठावीस वर्षांनी मी पुन्हा बिगरीत बसले.

कारण मला ठाऊक होतं. पाळी थांबून तेरा महिने झाले होते आणि त्यातले आठ महिने मी सलग झोपलेच नव्हते. छातीपासून एक उकाडा निघायचा, गळ्यावरून कानांपर्यंत चढायचा आणि मला घामाने निथळत ठेवून निघून जायचा. दिवसातून अकरा वेळा, मी मोजलं होतं. त्यात भर म्हणून शब्द हरवायला लागले. स्टेपलरला मी एक अख्खा दिवस 'ते चावणारं' म्हणत होते. शब्दांवर पोट असलेल्या बाईचे शब्दच पळाले, तर तिने जायचं कुठे?

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मला तर काही म्हणता काही झालं नाही. कधी आलं, कधी गेलं, कळलंसुद्धा नाही." त्यांच्या पाठीमागे त्यांचे यजमान पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर किंचित खाली केला, माझ्याकडे बघून सावकाश मान नकारार्थी हलवली आणि पेपर पुन्हा वर घेतला. समोरच्या दारातले निवृत्त मोजणीदार म्हणाले, पलंगाची दिशा बदला. पलंगाच्या तीन दिशा करून झाल्या. चौथ्या दिशेला कपाटाचं दार उघडेना, तेव्हा आमच्या ह्यांनी हात टेकले.

आमचे हे लिफ्ट निरीक्षक आहेत. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि दाखला द्यायचा किंवा नाकारायचा. त्यांचा जगातल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न असतो, भार किती आणि दोर किती. "अगं, डॉक्टरकडे जा," ते म्हणाले, "त्यावर हार्मोनची औषधं असतात असं ऐकलंय."

"मला विचारा त्यांचं," मी म्हटलं. "रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, छातीचा कॅन्सर. मी कागद तपासलेत त्यांचे."

"किती जणींना?"

"कागदावर आकडा नसतो. 'क्वचित' असं असतं."

"क्वचित म्हणजे किती?"

अठ्ठावीस वर्षांत 'क्वचित' हा शब्द मी हजारदा तरी तपासला असेल. तो बरोबर छापलाय ना, एवढंच बघितलं होतं. किती, हा प्रश्न मला पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या जुन्या फायली काढून बघितलं, तर त्या शब्दांची मापं ठरलेली निघाली. शंभरात एक ते दहा जणांना होणारं ते 'सामान्यतः', हजारात एकापेक्षा कमी ते 'क्वचित', दहा हजारांत एकापेक्षाही कमी ते 'अतिशय क्वचित'. मी घरी जे सगळं एकाच दमात आणि एकाच आवाजात सांगत आले होते, त्यात एवढे मजले होते. मला थोडी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कुतूहल जास्त वाटलं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मी तेवीस दुष्परिणामांची यादी घेऊन गेले होते. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "तुम्ही वैद्यकीय क्षेत्रात आहात का?"

"मुद्रितशोधक आहे."

"मग एक बाजू तुम्ही सांगितलीत, दुसरी मी सांगते," असं म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. उकाड्यावर आणि घामावर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही, त्या म्हणाल्या. घाम थांबला की झोप लागते, झोप लागली की बऱ्याच जणींचं डोकंही ताळ्यावर येतं, पण हे शेवटचं मी लिहून देणार नाही. हाडं टिकायला मदत होते. आता रेघेच्या पलीकडे. पोटात घ्यायच्या गोळीने गुठळीचा धोका थोडा वाढतो, कातडीवर चोळायच्या जेलने तसा वाढताना दिसत नाही. तुमचं गर्भाशय जागेवर आहे, म्हणून एकच हार्मोन देऊन चालणार नाही, त्याचं अस्तर जाड होतं आणि तिथे कॅन्सरची भीती असते. त्यासाठी जोडीला दुसरं हार्मोन. आणि दोन्ही मिळून वर्षानुवर्षं घेतली, तर छातीच्या कॅन्सरचा धोका थोडासा वाढतो. थोडासा, पण वाढतो. "साठीच्या आत आणि पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर बहुतेक जणींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. पण तुम्ही बहुतेक जणी नाही, तुम्ही तुम्ही आहात. घराण्यात कुणाला छातीचा कॅन्सर?"

"आईला नव्हता. ती चार वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली."

"मावशी?"

"एक आहे. तिचं ऑपरेशन झालं होतं, अडतिसाव्या वर्षी."

"कशाचं?"

"ते ऑपरेशन," मी म्हणाले.

"घरात काय म्हणतात त्याला?"

"ते ऑपरेशनच म्हणतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. छातीचं असलं तरी दार लगेच बंद होत नाही, त्या म्हणाल्या, पण मग मला वेगळा विचार करावा लागेल. तोवर स्तनांचा एक्स-रे, ज्याला मॅमोग्राम म्हणतात तो करून घ्या, रक्तदाब तपासा, आणि मावशींना विचारून या.

मावशींना विचारून या. आमच्या घराण्याशी त्यांचा परिचय नव्हता, त्याला त्या काय करणार. छोटी मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिने सदतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. तिच्यासमोर खुर्चीत तिरकं बसायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती. मी सहा वर्षांची असताना तिला 'तुला बाळ का नाही' असं विचारलं होतं, तेव्हा आईने मला टेबलाखालून जो चिमटा काढला, त्याच्या जोरावर मी पुढची पंचेचाळीस वर्षं तिला हवापाण्याखेरीज काही विचारलं नाही.

म्हणून मामाला फोन केला. मामा म्हणाला, पित्ताशयाचं, अगदी नक्की, मीच डबा घेऊन गेलो होतो. मागून मामीचा आवाज आला, की पित्ताशय कसलं, गळ्याचं होतं, त्यानंतर दोन वर्षं ती गळ्याला स्कार्फ बांधायची. मामा म्हणाला, तो थंडीसाठी. मामी म्हणाली, भर उन्हाळ्यात? पुढची पंधरा मिनिटं फोन माझा होता आणि भांडण त्यांचं होतं. शेवटी मामी हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, पण मला नेहमी छातीचंच वाटायचं. नाहीतर एवढं लपवायचं कशाला?" मी फोन ठेवला तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला होता, आणि तो उकाड्याचा नव्हता. लेटरहेडच्या महिन्यातले नऊ दिवस उरले होते.

मग मी आणि आमचे हे, मावशीचं ऑपरेशन झालं होतं त्या रुग्णालयाच्या जुन्या नोंदींच्या खोलीत गेलो. तळघरात दाटीवाटीने रॅकं, छतापर्यंत फायली, आणि खिडकीमागे स्वेटर घातलेले एक कारकून.

"रुग्ण हयात आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग अवघड आहे. नसते, तर वारसाचा फॉर्म होता."

आम्ही दोघांनी तोंड पाडलं. त्यांना दया आली असावी. त्यांनी दुसरा फॉर्म काढला. नाव, वय, वर्ष हे मी भरलं. चौथा रकाना होता आजाराचा.

"तोच तर शोधायला आलोय," मी म्हणाले.

"फायली विभागवार लावलेल्या आहेत, बाई. कुठला आजार ते कळल्याशिवाय विभाग कळत नाही, विभाग कळल्याशिवाय फाइल मिळत नाही."

"आणि फाइल मिळाल्याशिवाय आजार कळत नाही," आमचे हे म्हणाले. त्यांना ही रचना मनापासून आवडलेली दिसली.

"बरोबर," कारकून म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी आमच्याकडे जरा नीट पाहिलं. "त्या कुठे परगावी असतात का?"

"नाही. इथून चार थांब्यांवर."

"मग त्यांनाच का नाही विचारत?"

सरकारी खिडकीत इतका बिनतोड प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता. आम्ही फॉर्म तसाच परत दिला आणि बाहेर आलो.

तरीसुद्धा आम्ही सरळ गेलो असं समजू नका. मावशीच्या इमारतीतल्या लिफ्टचा दोर बघायला हे निघाले आहेत आणि मी सहज बरोबर आले आहे, असा बेत ठरला. आमचे हे खरंच पेटी घेऊन लिफ्टच्या खोलीकडे गेले. मी वर गेले. मावशीने दार उघडलं. पाठीत वाक आल्यापासून ती माझ्या खांद्याला लागते, पण नजर अजून फळ्याच्या उंचीवरूनच येते. मी हवेबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, दोराबद्दल बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पक्ष सांगून झाला असेल तर साध्य सांग," ती म्हणाली.

मी खुर्चीत सरळ झाले. माझे आठ महिने, डॉक्टरीणबाईंनी सुचवलेलं औषध, सगळं एका दमात सांगितलं. "मावशी, तुझं ते ऑपरेशन कशाचं होतं?"

ती उठली. मला वाटलं, मला घालवून देते. तिने कपाटाचा खालचा खण ओढला, प्लास्टिकच्या पाकिटातला एक पिवळा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. इतक्या पटकन, की तो कागद वरच ठेवलेला असणार. "तीस वर्षं लागली गं तुम्हाला," ती म्हणाली. "गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं. गाठी होत्या. तपासणीत साध्या निघाल्या, वाच."

मी वाचलं. साध्याच होत्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर मी मूर्खासारखी बोलून गेले, "मामा म्हणाला पित्ताशय. मामी म्हणाली गळा."

"गळा?" मावशी हसायला लागली. तिला हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. "अगं, तो स्कार्फ घाम टिपायला होता. ऑपरेशन झालं आणि तुला आठ महिन्यांत झालं ते मला एका आठवड्यात झालं. प्रमेय मांडायला वळले की मानेवरून धारा. मग डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या. हार्मोनच्या. दोन महिन्यांत माणसात आले. दोन वर्षं घेतल्या."

"आणि मग?"

"मग सोडल्या."

"का?"

"तू वाचून दाखवलंस ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मला आधी कळेना, आणि मग कळलं. माझ्या पहिल्या पगाराचं जेवण, आईच्या घरी. सगळे जमले होते आणि मी तेवीस वर्षांची, नव्या नोकरीचा पहिला छापील कागद हातात घेऊन खुर्चीवर उभी राहिले होते. बातम्या वाचाव्यात तसा मी तो वाचला होता. गुठळी, झटका, कॅन्सर, सगळे घसघशीत शब्द सुटे सुटे करून. टाळ्या पडल्या होत्या. बाबांनी पाठ थोपटली होती. मावशी डोकं दुखतंय म्हणून लवकर उठून गेली, हेही मला आठवलं. ते आजवर आठवलं नव्हतं.

"माझ्याच गोळीचा होता तो कागद," मावशी म्हणाली. "घरी जाऊन बाटली टाकून दिली."

"डॉक्टरांना नाही विचारलंस? आईला?"

"डॉक्टरांच्या दारात माझ्या विद्यार्थ्यांच्या आया बसलेल्या असायच्या. आणि तुझी आई 'ते ऑपरेशन' म्हणायची. ते म्हणणाऱ्याला काय विचारणार?"

बावन्नाव्या वर्षी तिचं मनगट मोडलं होतं, साठीत दुसरं. त्यानंतर पाठ. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या त्या कागदावर, रेघेखाली, एक ओळ होती, की ज्यांची अंडाशयं लवकर काढतात त्यांना ही औषधं सहसा पन्नाशीच्या आसपासपर्यंत घ्यायला सांगतात, हाडांसाठीसुद्धा. ती ओळ मी तीन आठवड्यांपूर्वी अगदी मन लावून वाचली होती. मी मावशीच्या पाठीकडे बघितलं आणि मला रडू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि माझी सर्वांत मोठी चूक चार थांब्यांवर राहत होती.

"डोळे पूस," मावशी म्हणाली. "गोळ्या घेणाऱ्यांचीही हाडं मोडतात. मी विचारलंय नंतर डॉक्टरांना. सांगता येत नाही म्हणाले. सिद्ध न होणाऱ्या गोष्टीवर मी रडत नाही."

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे मला त्या दुपारकडे परत जाता येईल. मॅमोग्राम ठीक आला, रक्तदाब ठीक आला, आणि मी दंडावर चोळायचं जेल आणि झोपताना घ्यायची कॅप्सूल सुरू केली. अकरा आठवडे झाले. पहिल्या महिन्यात छाती दुखली, ते 'सामान्यतः'मध्ये मोडतं. उकाडा अकरावरून दोनावर आला. झोप येते. स्टेपलरला मी स्टेपलर म्हणते, अधूनमधून. वर्षाने पुन्हा तपासून चालू ठेवायचं की नाही ते ठरवायचं आहे, आणि छातीचा तो थोडासा धोका थोडासा का होईना माझ्याबरोबर आहे, हे मला माहीत आहे. लेटरहेडच्या शेवटच्या दिवशी मालकांनी मला एक जुना कागद तपासायला दिला, मुद्दाम तीन चुका घालून. मी चार काढल्या. चौथी मुद्दाम घातलेली नव्हती, तिच्याखाली फोरमनची सही होती.

तर त्या दुपारी. मावशीने विचारलं, "तुझ्या औषधाचा कागद आहे का?" तो माझ्या पर्समध्ये होता, छापखान्याच्या फायलीतून काढलेला. "वाच," ती म्हणाली.

मी उलगडला, आणि सवयीने उलटा करून सुरू केलं, "संभाव्य दुष्परिणाम..."

"तिथून नाही." तिने वर्गात उचलायची तसं बोट उचललं. "त्या दिवशीही तू तिथूनच सुरू केलं होतंस. कागद सुरू कुठून होतो?"

मी कागद सरळ केला. हे औषध कशासाठी आहे, इथून तो सुरू होतो. ती बाजू मी शेकडो वेळा तपासली होती, पण मोठ्याने कधीच वाचली नव्हती, कारण त्या बाजूला टाळ्या पडत नाहीत. मी वाचायला लागले. मावशीचे ओठ हलत होते. तिला तिच्या गोळीची पहिली बाजू पाठ होती, जवळजवळ शब्द न् शब्द तीच. मग मी दुसरी बाजू वाचली, 'क्वचित' आला की किती ते सांगत, आणि ती लक्ष देऊन ऐकत राहिली. मधेच आमचे हे ग्रीसचे हात घेऊन दारात आले, दोर खरंच बदलायला झालाय म्हणाले, आणि आम्हा दोघींकडे बघून तिथेच उंबऱ्यावर थांबले.

वाचून झालं. मी तो कागद नेहमीसारखा कसातरी दुमडायला लागले. मावशीने तो माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्या मोडलेल्या मनगटांनी सातही घड्या जिथल्या तिथे घातल्या, पहिल्याच खेपेला.

"दोन वर्षं दर महिन्याला घातल्यात," ती म्हणाली. "उघडायचे, पहिली बाजू वाचायचे, आणि कुणाला कळू नये म्हणून होता तसा परत ठेवायचे. उलटून बघायची भीती वाटायची." तिने घडी केलेला कागद माझ्या तळहातावर ठेवला. "कुणीतरी बरोबर बसून वाचलं असतं, तर उलटला असता."